तिसरी रेषा

१९७४ च्या उन्हाळ्यात पोर्टो रिको बेटावरच्या अरेसिबो वेधशाळेत रसेल हल्स नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी नवे पल्सार, म्हणजे नेमक्या लयीत रेडिओ-स्पंद पाठवणारे तारे, हुडकत होता. डोंगरांमधल्या एका नैसर्गिक खळग्यात बसवलेली तिथली रेडिओ दुर्बीण ३०५ मीटर व्यासाची होती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जोसेफ टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची पीएचडी चालू होती आणि हा शोध त्याच प्रबंधाचा भाग होता. २ जुलैला संगणकाने एक क्षीण संकेत नोंदवला. खरा संकेत आणि निव्वळ गोंगाट यांच्यामध्ये हल्सने जी सीमा आखली होती, तिच्या जेमतेम वर. दर ०.०५९ सेकंदाने एक स्पंद. त्या वेळी माहीत असलेल्या पल्सारांत याहून वेगवान एकच होता, खेकडा अभ्रिकेतला.

२५ ऑगस्टला नेमका आवर्तकाल काढण्यासाठी हल्सने पुन्हा त्या दिशेला दुर्बीण लावली. एकाच दिवशी घेतलेली दोन मोजमापं जुळेनात. पल्सारच्या बाबतीत असं होत नाही. त्याचा आवर्तकाल दशांशचिन्हानंतर कित्येक स्थळांपर्यंत तोच राहतो. आपल्या संगणकाच्या आज्ञावलीत काही गफलत असेल असं समजून त्याने या एका पल्सारसाठी वेगळी आज्ञावली लिहिली. मग १ आणि २ सप्टेंबरला दोन आलेख मिळाले. अरेसिबोची बशी जमिनीला खिळलेली असल्याने एखादा तारा दिवसातून साधारण दोन तासच तिच्या टप्प्यात असे. त्या दोन तासांत आवर्तकाल घसरत जात होता आणि दुसऱ्या दिवशीही अगदी तसाच घसरत होता, फक्त पाऊण तास आधी. दुसरा आलेख ४५ मिनिटं सरकवला की तो पहिल्यावर चपखल बसे. संगणकाची चूक इतकी शिस्तीत सरकत नाही. १६ सप्टेंबरला घसरण थांबून आवर्तकाल पुन्हा वाढताना दिसला आणि शंका उरली नाही: हा पल्सार कशाभोवती तरी फिरत होता. एक फेरी पावणेआठ तासांची. तीन फेऱ्या होतात सव्वातेवीस तासांत, म्हणून चोवीस तासांनी पाहणाऱ्याला सगळं पाऊण तास लवकर घडल्यासारखं दिसतं.

या पल्सारचं नाव पीएसआर बी १९१३+१६. तो गरुड तारकासमूहाच्या दिशेला आहे. त्याच्यावर पुढच्या चाळीसेक वर्षांत जे काम झालं त्यातून आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताची फार कठोर परीक्षा झाली. ती परीक्षा नेमकी कशी घेतात, हे मला इथे पायरीपायरीने सांगायचं आहे. कारण ‘पल्सारने आइन्स्टाइनला बरोबर ठरवलं’ एवढं वाक्य पुष्कळांच्या वाचनात आलेलं असतं. पण त्यातली खरी सुंदर गोष्ट त्या वाक्यात कुठेच नाही.

आधी या परीक्षेतल्या घड्याळाची, म्हणजे पल्सारची, ओळख करून घेऊ. सूर्याहून खूप जड तारा स्फोट होऊन संपतो तेव्हा त्याचा गाभा आत कोसळतो. उरतो न्यूट्रॉन तारा: सूर्याच्या दीडपटीच्या आसपास वस्तुमान आणि व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. तो स्वतःभोवती वेगाने फिरत असतो आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओलहरींचे झोत निघत असतात. फिरता फिरता झोत पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक स्पंद मिळतो. एक फेरा, एक स्पंद. केंब्रिजमध्ये १९६७ साली जॉसलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला. एवढी प्रचंड वस्तू इतक्या लहान जागेत गच्च फिरत असताना तिची गती बिघडवणं सोपं नसतं, म्हणून पल्सार उत्तम घड्याळ ठरतो. बी १९१३+१६ च्या जोडीला आणखी एक न्यूट्रॉन तारा आहे, पण त्याचे स्पंद आपल्याला ऐकू येत नाहीत. त्याच्याबद्दल जे काही कळतं ते या एका घड्याळाच्या पुढेमागे होण्यावरून.

आता हे घड्याळ वाचायचं कसं? एकेक स्पंद इतका दुबळा असतो की तो गोंगाटात बुडून जातो. त्यामुळे पाच-पाच मिनिटांतले हजारो स्पंद एकावर एक रचून बेरीज करतात. मग एक ठसठशीत आकार वर येतो आणि तो आकार दर वेळी जवळजवळ सारखा असतो. ठरवून ठेवलेल्या नमुन्याशी तो जुळवून पाहिला की स्पंद केव्हा पोचला हे बी १९१३+१६ साठी सुमारे २० मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने सांगता येतं. त्याआधी एक शुद्धी करावी लागते. ताऱ्यांमधल्या अवकाशात विरळ का होईना, मुक्त इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे कमी वारंवारितेच्या लहरी जास्त वारंवारितेच्या लहरींपेक्षा उशिरा पोचतात. म्हणून आलेला संकेत अनेक अरुंद पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्टा योग्य तेवढा मागे सरकवतात. नाहीतर स्पंद पसरट होऊन जातो.

दुसरी शुद्धी आपल्याच हालचालीची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षभरात स्पंद काही मिनिटं लवकर आणि काही मिनिटं उशिरा येतात. गुरू आणि शनी सूर्यालाही थोडं हलवत असतात. हे सगळं वजा करून प्रत्येक वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेऊन ठेवतात, म्हणजे तिथे एखादं स्थिर घड्याळ असतं तर त्याने जी वेळ दाखवली असती ती. यासाठी ग्रहांची स्थानं अत्यंत काटेकोर लागतात आणि वेधशाळेतलं अणुघड्याळ जागतिक प्रमाणवेळेशी सतत ताडून पाहावं लागतं.

यानंतर येते मोजणी, आणि या सगळ्या शास्त्राचा जीव तिच्यात आहे. प्रत्येक स्पंदाला क्रमांक द्यायचा. हा पल्सार वर्षभरात ५३ कोटींहून जास्त फेरे घेतो. दुर्बीण मात्र वर्षातले थोडेच दिवस मिळते. मग मधले स्पंद कोणी मोजले? ते मोजावे लागत नाहीत, पण मोजल्याइतकी खात्री करून घ्यावी लागते. सुरुवातीला दहा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. दहा मिनिटांत किती फेरे झाले याचं उत्तर ढोबळ आवर्तकालावरूनही एकच निघतं. त्यातून आवर्तकाल अधिक अचूक होतो. आता दोन तासांची फट भरता येते, मग दिवसाची, मग आठवड्याची, मग महिन्यांची. अट एकच: मधल्या काळात साचलेली अनिश्चितता एका फेऱ्याहून बरीच कमी असली पाहिजे. ही साखळी एकदा जुळली की वर्षांमागून वर्षांचे कोट्यवधी फेरे एकही न गळता मोजता येतात. मग चूक एका फेऱ्याच्या अंशात उरते, आणि ती कोट्यवधी फेऱ्यांवर वाटली जाते. पल्सारच्या मोजमापांना अकल्पित अचूकता येते ती इथून. दुर्बीण जरा साधी असली तरी चालतं. साखळी तुटून चालत नाही.

आता या क्रमांक दिलेल्या स्पंदांमधून कक्षा वाचू. पल्सार कक्षेच्या पलीकडच्या बाजूला असतो तेव्हा त्याचे स्पंद उशिरा येतात, अलीकडे असतो तेव्हा लवकर. किती उशिरा आणि किती लवकर, यावरून कक्षेची आपल्या दृष्टिरेषेतली लांबी कळते, तीही थेट प्रकाशाच्या सेकंदांत. बी १९१३+१६ साठी ती २.३४ प्रकाशसेकंद आहे. हे मागेपुढे होणं सारख्या लयीत नसतं. पल्सार काही तास आरामात जातो आणि मग एकाएकी झपाट्याने वळून परततो. म्हणजे कक्षा चांगलीच लंबगोल आहे. दोघे तारे जवळ येतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर सुमारे ७.५ लाख किलोमीटर असतं आणि लांब जातात तेव्हा ३१ लाखांच्या वर. सूर्याची त्रिज्याच सात लाख किलोमीटर आहे, यावरून ही जोडी किती दाटीने राहते ते समजावं.

एवढ्यावरून न्यूटनच्या आणि केप्लरच्या नियमांनी पाच गोष्टी मिळतात: फेरीचा काळ, कक्षेची दृष्टिरेषेतली लांबी, ती किती लंबगोल आहे, तिचा लांब अक्ष कुठल्या दिशेला आहे, आणि तारे सर्वांत जवळ आले तो क्षण. आणि इथेच न्यूटनची वाट संपते. कारण कक्षेचं पातळ ताट आपल्याकडे किती झुकलेलं आहे हे कळत नाही. ते कळल्याशिवाय दोन ताऱ्यांची वस्तुमानं वेगवेगळी काढता येत नाहीत. दोन वस्तुमानं आणि झुकाव अशा तीन अज्ञातांचं एकच समीकरण हातात राहतं. सूर्यासारख्या साध्या ताऱ्यांच्या जोड्यांचं बहुतेक वेळा असंच होतं.

पण या जोडीत न्यूटनच्या नियमांत न बसणाऱ्या गोष्टीही दिसू लागल्या. पहिली फार लवकर दिसली. कक्षेचा निकटबिंदू, म्हणजे दोघे सर्वांत जवळ येतात ती जागा, स्थिर नव्हता. अख्खा लंबगोल हळूहळू फिरत होता, दर वर्षी ४.२ अंशांनी. हाच परिणाम बुधाच्या कक्षेत एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता: इतर ग्रहांचा सगळा प्रभाव वजा केल्यावर बुधाचा निकटबिंदू शतकाला ४३ विकला इतका जास्तीचा सरकतो, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनने त्याचं कारण दिलं. पल्सारच्या जोडीत तो बुधापेक्षा सुमारे ३५,००० पट जास्त आहे. शिवाय इथे वजाबाकीची कटकट नाही. आसपास ग्रह नाहीत, आणि दोन्ही तारे इतके लहान व घट्ट आहेत की एकमेकांच्या ओढीने ते फुगून किंवा चपटे होऊन कक्षेत ढवळाढवळ करत नाहीत.

व्यापक सापेक्षतेप्रमाणे हे सरकणं दोन ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानावर अवलंबून असतं. म्हणून सिद्धांत खरा धरला तर एकूण वस्तुमान निघतं: सूर्याच्या २.८३ पट.

दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागला. पल्सार जोडीदाराच्या जवळून जातो तेव्हा तो त्याच्या गुरुत्वाच्या खोलात असतो आणि त्याचा वेगही जास्त असतो. या दोन्ही कारणांनी काळ संथ चालतो. म्हणजे निकटबिंदूजवळ हे घड्याळच मंद होतं आणि दूर गेल्यावर जलद होतं. परिणामी स्पंद फेरीभर सुमारे ४.३ मिलिसेकंदांनी पुढेमागे डोलतात. घड्याळाच्या अचूकतेपुढे ४.३ मिलिसेकंद ही मोठीच रक्कम आहे, पण अडचण वेगळी होती: हा डोल आणि कक्षेच्या आकारात केलेला किंचित बदल आकड्यांत हुबेहूब सारखे दिसतात. एक दुसऱ्यात लपून बसतो. ते वेगळे व्हायला कक्षेचा लांब अक्ष पुरेसा फिरावा लागतो, म्हणजे वाट पाहावी लागते. टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पाहिली. हल्सने पीएचडीनंतर दुसरं क्षेत्र धरलं होतं. टेलर वर्षानुवर्षं अरेसिबोला जात राहिले.

हा दुसरा आकडा मिळाला आणि वस्तुमानं सुटी झाली: पल्सार सूर्याच्या १.४४ पट, जोडीदार १.३९ पट. कक्षेचा झुकावही त्यातूनच आला.

आता इथे क्षणभर थांबलं पाहिजे. आतापर्यंत सिद्धांताची परीक्षा झालेलीच नाही. दोन वस्तुमानं अज्ञात होती, सापेक्षतेची दोन समीकरणं वापरली, दोन उत्तरं मिळाली. सिद्धांत चुकीचा असता तरी दोन समीकरणांतून काहीतरी उत्तर आलंच असतं. जमिनीच्या मोजणीत असंच असतं. दोन खुणेच्या दगडांवरून दोन रेषा काढल्या की त्या कुठेतरी एकमेकींना छेदतातच, आणि त्या छेदबिंदूला बांधाचा कोपरा म्हणता येतं. पण दगड हललेला नाही ना, हे दोन रेषा सांगू शकत नाहीत. तिसऱ्या दगडावरून तिसरी रेषा काढायची. ती त्याच बिंदूतून गेली तर मोजणी खरी. तिच्यावर तिथून जाण्याचं कसलंही बंधन नसतं, म्हणूनच तिच्या तिथून जाण्याला अर्थ असतो.

पल्सारचे अभ्यासक अक्षरशः असाच आलेख काढतात. एका अक्षावर पल्सारचं वस्तुमान, दुसऱ्यावर जोडीदाराचं. मोजलेली प्रत्येक राशी या कागदावर एक रेषा देते. पहिल्या दोन रेषांनी बिंदू ठरतो आणि त्या क्षणी सिद्धांताचे हात बांधले जातात. आता वळवायला एकही कळ उरत नाही. तिसऱ्या राशीची किंमत सिद्धांताने आधी सांगायची आणि मग आकाशात पाहायचं. माझ्या मते आधुनिक खगोलशास्त्रातल्या सर्वांत निखळ परीक्षांपैकी ही एक आहे. इथे सिद्धांताला तडजोडीला जागाच नाही.

बी १९१३+१६ ची तिसरी रेषा म्हणजे गुरुत्वीय लहरी. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये म्हटलं होतं की हलणाऱ्या वस्तुमानांमुळे अवकाशकाळात लहरी उठाव्यात, आणि १९१८ मध्ये किती ऊर्जा बाहेर जाईल याचं सूत्रही दिलं. पुढे त्याचा स्वतःचाच विश्वास डळमळला. १९३६ मध्ये नाथन रोझन यांच्याबरोबर त्याने अशा लहरी नसतात असं दाखवणारा लेख लिहिला, आणि त्यातली चूक दाखवली गेल्यावर निष्कर्ष बदलला. लहरी खरोखर ऊर्जा वाहून नेतात का, हा वाद त्यानंतरही दोन दशकं चालला. दोन तारे एकमेकांभोवती फिरत लहरी सोडत असतील तर ती ऊर्जा कक्षेतून जाणार. कक्षा आक्रसणार आणि फेरीचा काळ कमी होणार. फिलिप पीटर्स आणि जॉन मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये लंबगोल कक्षेसाठी गणित मांडलं होतं. लंबगोलात निकटबिंदूजवळ लहरींचा मारा एकदम वाढतो. या जोडीच्या बाबतीत तेवढ्याच मोठ्या वर्तुळाकार कक्षेपेक्षा बारा पट जास्त ऊर्जा जाते.

वस्तुमानं आणि कक्षा घालून उत्तर येतं: फेरीचा काळ दर वर्षी सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटला पाहिजे. पावणेआठ तासांत ७६ मायक्रोसेकंद! फेरीचा काळ नुसता पुन्हा मोजून हे पकडणं अवघड. पण फेऱ्याही मोजल्या जात असतात, आणि इथे साठत जाणारा हिशेब कामाला येतो. वर्षाला ११३० फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा किंचित आखूड. निकटबिंदूचा क्षण ठरल्या वेळेच्या आधी येऊ लागतो. पहिल्या वर्षाअखेर तो ०.०४ सेकंद आधी येतो. दुप्पट वर्षांत चौपट, तिप्पट वर्षांत नऊपट, असा हा फरक काळाच्या वर्गाने वाढतो: दहा वर्षांत चार सेकंदांहून जास्त, तीस वर्षांत जवळजवळ ३९ सेकंद. आलेखावर तो खाली झेपावणाऱ्या वक्रासारखा दिसतो. मोजलेले ठिपके आणि आइन्स्टाइनच्या सूत्रातून आलेला वक्र एकमेकांवर बसलेला तो आलेख ज्यांनी पाहिला आहे त्यांना आणखी पटवून द्यावं लागत नाही.

डिसेंबर १९७८ मध्ये म्युनिकच्या परिषदेत टेलर यांनी पहिला निष्कर्ष सांगितला. चारच वर्षांची निरीक्षणं होती, पण घट दिसत होती आणि सिद्धांताशी जुळत होती. गुरुत्वीय लहरी आहेत याचा तो पहिला भक्कम पुरावा. पृथ्वीवरच्या लायगो यंत्राने अशी लहर प्रत्यक्ष पकडली ती १४ सप्टेंबर २०१५ ला. हल्स आणि टेलर यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

अचूकता वाढत गेली तसा एक बारीक फरक मात्र डोकं वर काढू लागला. तिबो दामूर आणि टेलर यांनी १९९१ मध्ये त्याचा उगम दाखवला. ही जोडी आणि आपला सूर्य, दोघेही आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतात, पण वेगळ्या अंतरांवर आणि वेगळ्या दिशेला. दोघांची त्वरणं वेगळी असल्याने ते घड्याळ जणू आपल्यापासून बदलत्या वेगाने सरकत राहतं आणि फेरीचा काळ बदलल्याचा आभास होतो. हा आभास वजा केल्यावर मोजलेली आणि भाकीत केलेली घट ०.२ टक्क्यांच्या आत जुळते. गंमत अशी की आता पुढची मजल पल्सारच्या मोजमापामुळे अडत नाही. आपल्याच आकाशगंगेतली अंतरं आणि वेग आपल्याला तेवढ्या नेमकेपणाने माहीत नाहीत, म्हणून ती अडते.

यापुढचं पाऊल टाकायला जवळची आणि अधिक दाट जोडी हवी होती. ती २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या निरीक्षणांत मार्ता बुर्गाय आणि सहकाऱ्यांना सापडली. पीएसआर जे ०७३७-३०३९: फेरी २ तास २७ मिनिटांची, दोघांतलं अंतर सुमारे नऊ लाख किलोमीटर. निकटबिंदू वर्षाला जवळजवळ १७ अंश सरकतो. काही महिन्यांनी कळलं की जोडीदारही पल्सार आहे. पहिल्याचा स्पंद दर २२.७ मिलिसेकंदाला, दुसऱ्याचा दर २.७७ सेकंदाला. दोन्ही बाजूंनी घड्याळं असलेली ही आजवरची एकमेव जोडी.

दोन घड्याळं असण्याचा फायदा मोठा आहे. दोघांच्या कक्षांची लांबी मोजली की त्यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर थेट मिळतं, आणि त्यासाठी व्यापक सापेक्षता खरी धरण्याचीही गरज पडत नाही. कागदावर ही रेषा आपोआप येते आणि बाकीच्या रेषांवर अंकुश ठेवते. त्यात आणखी एक सुदैव: ही कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसते. प्रत्येक फेरीत एकदा पहिल्या पल्सारचे स्पंद दुसऱ्याच्या अगदी जवळून येतात. जोडीदाराजवळ वाकलेल्या अवकाशकाळातून जाताना त्यांना शंभरेक मायक्रोसेकंद उशीर होतो. अर्विन शापिरो यांनी १९६४ मध्ये सूर्यमालेसाठी सुचवलेला हा परिणाम इथे दर अडीच तासांनी स्वच्छ दिसतो. किती उशीर होतो यावरून जोडीदाराचं वस्तुमान मिळतं आणि उशीर किती तीव्रतेने वाढतो यावरून कक्षेचा झुकाव. म्हणजे आणखी दोन रेषा.

शिवाय त्या क्षणी सुमारे तीस सेकंद पहिला पल्सार झाकला जातो. दुसऱ्याच्या चुंबकीय आवरणाआड जातो, आणि त्या ग्रहणात दुसऱ्याच्या फिरण्याच्या लयीत उघडझाप दिसते. त्या उघडझापेच्या आकारातल्या बदलावरून रेने ब्रेटन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की दुसऱ्याचा अक्ष वर्षाला पाच अंशांच्या आसपास डोलतो आहे. सापेक्षतेचं भाकीत तेवढंच होतं. याच डोलण्यामुळे त्याच वर्षी त्याचा झोत पृथ्वीवरून सरकला आणि दुसऱ्या घड्याळाचे स्पंद येणं थांबलं. पहिलं घड्याळ चालूच आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये मायकेल क्रामर आणि सहकाऱ्यांनी सात रेडिओ दुर्बिणींमधली सोळा वर्षांची निरीक्षणं एकत्र करून निकाल मांडला. कक्षा रोज सात मिलिमीटरने आक्रसते आहे. गुरुत्वीय लहरींनी जाणारी ऊर्जा सिद्धांताशी ०.०१३ टक्क्याच्या अचूकतेने जुळते. एवढ्या बारकाईवर नवेच प्रश्न हिशेबात घ्यावे लागतात. पल्सार फिरता फिरता मंदावतो आणि ऊर्जा गमावतो. ऊर्जा म्हणजे वस्तुमान, त्यामुळे पहिला पल्सार दर सेकंदाला सुमारे ८४ लाख टन वस्तुमान गमावतो आहे. तेवढ्याने कक्षेवर होणारा परिणाम आता दुर्लक्षून चालत नाही. जोडीदाराजवळून येणारे रेडिओकिरण ०.०४ अंशांनी वळतात, तेही मोजलं गेलं. रेषा पाचाच्याही पुढे गेल्या आणि सगळ्या एकाच बारीक जागेतून जातात.

हे शास्त्र महाराष्ट्राच्या मातीतही चालतं. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही तीस अँटेनांची दुर्बीण आहे. प्रत्येक अँटेनाचा व्यास ४५ मीटर. तिने शोधलेला पहिला पल्सार नेमका जोडीतलाच निघाला. पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि सी. एच. ईश्वर-चंद्र यांनी २००४ मध्ये एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छात तो जाहीर केला. एक फेरी १८.८ दिवसांची आणि कक्षा हल्स-टेलर जोडीपेक्षाही जास्त ताणलेली. त्याचा निकटबिंदू किती सरकतो हे कळलं, तेव्हा एकूण वस्तुमान मिळालं. पुढे घड्याळाचा डोलही मोजता आला आणि वस्तुमानं सुटी झाली: दोघांचंही सूर्याच्या सव्वापटीच्या आसपास. त्या मोजणीत दोनच रेषा आहेत, म्हणून ती सिद्धांताची परीक्षा ठरत नाही. तिथे सापेक्षता तराजूसारखी वापरली आहे. पल्सारच्या बातम्या वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा असं मला कळकळीने वाटतं, कारण वजन करणं आणि तराजू तपासणं या दोन्ही कामांना सरसकट ‘परीक्षा’ म्हटलं जातं.

एक परीक्षा मात्र अगदी निराळ्या धाटणीची आहे आणि तिचा उल्लेख टाळवत नाही. आइन्स्टाइनच्या म्हणण्याप्रमाणे स्वतःच्याच गुरुत्वाने घट्ट बांधलेली वस्तूही इतर वस्तूंसारखीच पडते. पर्यायी सिद्धांतांपैकी बहुतेकांत तशी पडत नाही. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जे ०३३७+१७१५ मध्ये एक पल्सार आणि एक श्वेत बटू एकमेकांभोवती १.६ दिवसांत फिरतात आणि दोघे मिळून दुसऱ्या श्वेत बटूभोवती ३२७ दिवसांत. न्यूट्रॉन ताऱ्याच्या वस्तुमानात गुरुत्वीय बंधऊर्जेचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो, श्वेत बटूत तो नगण्य. दोघे बाहेरच्या ताऱ्याकडे सारखेच पडतात का? अॅन आर्चिबाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उत्तर दिलं: त्वरणांत फरक असलाच तर तो दहा लाखांत तीनपेक्षा कमी.

जे ०७३७-३०३९ या दुहेरी पल्सारवर सध्या ज्या राशीचा पाठलाग चालू आहे ती म्हणजे पहिल्या पल्सारचं जडत्व-परिबल, म्हणजे त्याचं वस्तुमान अक्षापासून किती दूरवर पसरलं आहे याचं माप. फिरणारं वस्तुमान आपल्याबरोबर अवकाशकाळही किंचित ओढत नेतं, आणि त्यामुळे निकटबिंदूच्या सरकण्यात एक फार छोटा वाटा पल्सारच्या स्वतःभोवती फिरण्याचा असतो. दक्षिण आफ्रिकेतली मीरकॅट दुर्बीण २०१९ पासून या जोडीचे स्पंद नोंदवते आहे आणि तिच्या नोंदी जुन्या नोंदींहून कितीतरी अचूक आहेत. बाकीच्या रेषा पुरेशा बारीक झाल्या की हा वाटा वेगळा काढता येईल. त्यातून पल्सारची त्रिज्या मिळेल, आणि त्रिज्येवरून कळेल की अणुकेंद्राहूनही दाट असलेला त्याच्या गाभ्यातला पदार्थ किती दाबला जाऊ शकतो.